सोम्या आणि सौम्य

यंदा श्रावणात पुण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या लेकीला मुलगा झाला होता, बारशाचा दिवस ठरला होता आणि नावही ठरले होते. "तू मराठीचा प्राध्यापक, म्हणून तुला आधी विचारते," ती म्हणाली. प्राध्यापकाला 'आधी' विचारण्याची आमच्या घराण्यातली रीत मला चांगली ठाऊक आहे. आमंत्रणपत्रिका छापून आली की तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला त्याला बोलावतात!

"नाव ठेवतोय सौम्य. कसं वाटतं?"

"छान आहे," मी म्हणालो. आणि ते खरोखरच छान आहे. उच्चारताना ओठ अलगद मिटतात, कुठे खरखर नाही, कुठे ठेच नाही. पण मौज अशी झाली, की ते नाव कानावर पडताक्षणी माझ्या डोळ्यांपुढे एकाऐवजी दोन मुले येऊन उभी राहिली.

पहिला अर्थातच सौम्य. जरा नाजूक अंगाचा, केसांचा भांग नीट पाडलेला. दूध मुकाट्याने पिणारा. पाहुणे आले की कुणी न सांगता वाकून नमस्कार करणारा. पेटी किंवा तबला यांपैकी एक काहीतरी शिकत असलेला. त्याच्या बुटाची नाडी सुटलेली मला कल्पनेतसुद्धा दिसेना.

दुसरा सोम्या. त्याचा गुडघा फुटलेला आणि सदऱ्याचे वरचे बटण गेलेले. हाक मारली की 'ओ' देण्याआधी तो धूम ठोकणार. घरात काही फुटले, हरवले, मोडले की चौकशीला सुरुवात त्याच्यापासून व्हायची.

वाचकहो, तुमच्याही डोळ्यांपुढे साधारण अशीच मुले आली असतील, तर संकोच करू नका. या दोन नावांत अंतर ते केवढे? एका नावाच्या डोक्यावर एक मात्रा जास्त, दुसऱ्याच्या शेवटी एक काना जास्त. एवढ्या दोन रेघांवर आपण एकाला पेटी शिकवायला बसवले आणि दुसऱ्याच्या मागे छडी घेऊन धावलो!

यांतल्या सौम्यला मी अजून पाहिलेले नाही. तो तेव्हा पाळण्यात होता. पण सोम्याला मी पाहिले आहे. तो माझ्या वर्गात होता. आणि माझ्या कल्पनेतल्या सोम्याशी त्याचे काडीचेही साम्य नव्हते.

ती हकीकत सांगण्यापूर्वी आपल्या भाषेतल्या त्या 'या' विषयी दोन शब्द सांगायला हवेत. मराठीत नावाची शेपटी पाहून माणसाची पायरी ओळखता येते. राम हे नाव एकच. पण सावकाराचा तो रामराव, भटजींचा रामभाऊ, पाटलाचा रामजी आणि गोठ्यातल्या गड्याचा तो राम्या. लाडाने आपण घरच्या गणेशालाही गण्या म्हणतो, नाही असे नाही. पण तो लाड घरापुरता आणि वयापुरता. गण्याला नोकरी लागली की तो 'गणेशराव' होतो. गोठ्यातला राम्या मात्र पिकल्या मिशांचा झाला तरी राम्याच राहतो.

त्यातही सोम्याचे नशीब अधिकच खोटे. कारण त्याला आपण थेट वाक्प्रचारात नेऊन बसवले आहे. 'कोणीही सोम्यागोम्या उठतो आणि' असे वाक्य सुरू झाले की पुढे काय येणार, हे सांगायला नको. ज्याला नाव नाही, गाव नाही, पत नाही, असा कोणीतरी म्हणजे सोम्यागोम्या. त्याचे जरा कपडे घातलेले रूप म्हणजे सोमाजी गोमाजी कापसे. शेकडो नावांतून मराठी माणसाने कस्पटासमान माणसासाठी नेमके हेच नाव का निवडले असेल, याचा मी विशीत, तिशीत कधी विचार केला नाही. चाळिशी उलटल्यावर तो करावा लागला.

नोकरीच्या निमित्ताने मी जव्हारला आलो, तेव्हा माझ्या ओळखीच्या लोकांपैकी निम्म्यांना जव्हार नक्की कोठे आहे ते सांगता येत नव्हते. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा निर्माण झाला, त्यातला हा डोंगरावरचा तालुका. एके काळी हे संस्थान होते आणि राजे महादेव कोळी समाजातले, मुकणे घराण्यातले. सुरतेकडे जाताना शिवाजीमहाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशहांची भेट जिथे झाली, ते शिरपामाळ गावापासून जवळच आहे. राजवाडा अजून उभा आहे. १९४८ साली संस्थान विलीन झाले.

या राजघराण्यातही नावाची एक गंमत आहे. मूळ पुरुष जयबा. त्याच्या मुलाचे घरचे नाव धुळबाराव, असे सांगतात. त्याला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली आणि तो झाला नेमशहा. पुढे विक्रमशहा, पतंगशहा अशी शहांची ओळच लागली. धुळीतला धुळबा एका फर्मानाने शहा झाला! वरून कोणीतरी चांगले नाव बहाल करावे आणि खालच्याने ते मस्तकी धरावे, ही रीत इथल्या मातीत सातशे वर्षांची आहे, असे मी तेव्हा मोठ्या विद्वत्तेने म्हणत असे. त्या विद्वत्तेची फजिती पुढे व्हायची होती.

पहिल्याच वर्षी हजेरीपत्रक उघडले आणि मी थबकलो. आम्हा शहरवासीयांच्या वर्गांतली नावे आता बंगालीतून, संस्कृतातून, दूरचित्रवाणीच्या मालिकांतून येतात. इथे निराळेच काही होते. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. मुलींत मंगळी, बुधी. आठवडाच्या आठवडा समोर बाकांवर बसला होता! आश्रमशाळांतून शिकून, वसतिगृहात राहून ही मुले महाविद्यालयापर्यंत आलेली. कित्येकांच्या घरातले हे पहिलेच शिक्षण.

हा सोम्या मोखाडा तालुक्यातला, एका वारली पाड्यावरचा. खिडकीशेजारच्या बाकावर बसे. सदरा साधा, पण धुऊन घडी केलेला. अक्षर वळणदार. बोलणे इतके हळू, की उत्तर ऐकायला मला पुढे झुकावे लागे. सौम्य हे विशेषण मी माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाच लावू शकलो असतो, आणि तो हा सोम्या. पण माझ्या ते ध्यानातच आले नाही. नाव कानावर आधी येते आणि माणूस मागाहून दिसतो. मधल्या वेळात कानाने आपले मत बनवून टाकलेले असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आश्विनाचे दिवस होते. वर्गात कवितेचा तास चालला होता. छंद, वृत्त, लय असे काही सांगत असता मी रंगात आलो. प्राध्यापक रंगात आला की त्याला स्वतःचाच आवाज आवडू लागतो. त्या भरात मी म्हणालो, "कविता म्हणजे काही खेळ नव्हे. कोणीही सोम्यागोम्याने उठावं आणि..."

पुढचे वाक्य मला पुरे करता आले नाही. वर्गात हशा पिकला. तसा हशा मला हवाहवासा वाटत असे, म्हणून पहिल्या क्षणी मी सुखावलोसुद्धा. मग पाहिले, तर साऱ्या माना खिडकीकडे वळलेल्या. सोम्या वहीत पाहत होता. त्याने मान वर केली नाही, की तो हसलाही नाही. त्याच्या हातातली लेखणी तेवढी थांबली होती.

मी काय करायला हवे होते, ते आज मला लख्ख दिसते. तिथल्या तिथे 'चुकलो' म्हणायला हवे होते. मी घसा साफ केला आणि वृत्तांकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावापुढे उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. रोज ते नाव उच्चारायचे, एक क्षण थांबायचे आणि चौकटीत फुली मारायची. त्या आठ दिवसांत ते नाव माझ्या तोंडून जितक्या जपून निघाले, तितके आधी कधी निघाले नव्हते. घरी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "आठ दिवस फुल्या मारण्यापेक्षा एक दिवस जाऊन या की." बायकांचे सल्ले असे असतात. त्यांत वादाला जागाच नसते.

रविवारी मी मोखाड्याची एस. टी. धरली. जव्हारहून मोखाडा, पुढे त्र्यंबकेश्वर, नाशिक, असा हा घाटवळणांचा रस्ता. पाऊस नुकता ओसरला होता. डोंगर अजून हिरवे होते आणि उतारांवर नागली, वरईची शेते पिवळसर होऊ लागली होती. याच दिवसांत इथे माणसे घरी असतात. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईच्या बाजूला मजुरीला जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मी वाटभर माफीची वाक्ये जुळवीत होतो. मराठीच्या प्राध्यापकाला माफीचे एक साधे वाक्य जमेना. जे सुचे ते भाषणासारखे वाटे.

मोखाड्याला उतरून आणखी बराच वेळ चालल्यावर पाडा आला. कुडाच्या, सारवलेल्या भिंतींची घरे. सोम्या अंगणातच होता. नागलीच्या कणसांचा ढीग पसरीत होता. मला पाहून तो उभा राहिला, हात पुसले आणि म्हणाला, "सर, तुम्ही?" मग आत जाऊन त्याने खाट आणून टाकली. मागोमाग कोरा चहा आला.

"कॉलेजला येत नाहीस?"

"कापणी काढली सर. बा एकटाच आहे. दोन दिवसांत येतो."

तर कारण हे होते! आठ दिवस मी जे ओझे वागवले, ते उगाचच, असे वाटून मला हायसे झाले. इतके, की जुळवलेली माफी गिळून टाकून मी चहा पिऊन उठलो असतो. पण कोणाला ठाऊक कसे, मी विचारून बसलो, "त्या दिवशी मी वर्गात जे बोललो, त्याचं..."

तो क्षणभर थांबला. "त्याचं काय नाही, सर. शाळेत पहिलीपासून तेच ऐकतोय. सवय आहे." मग कणसांकडे पाहत म्हणाला, "पण तुम्ही हजेरी घेताना माझं नाव नीट घेता. तसं कोणी घेत नाही. म्हणून जरा वाटलं."

यावर प्राध्यापकाने काय बोलावे? मी काहीच बोललो नाही. आणि मग, काहीतरी केले पाहिजे म्हणून, माझ्यातला उपकारकर्ता जागा झाला. मी म्हणालो, "हे बघ, नाव बदलता येतं. राजपत्रात जाहिरात द्यायची, कागद मी करून देतो. फार फरकही करायला नको. सोम्याचं सौम्य करू. नोकरीच्या अर्जावर कसं शोभून दिसेल!"

ओट्यावर त्याची आजी बसली होती. बोळके तोंड, पण डोळे तल्लख. आमचे काय चालले आहे, हे तिने विचारले. तिची वारली बोली माझ्या कानाच्या सवयीची नव्हती. मधे सोम्या दुभाष्या झाला. त्याने सांगितलेले ऐकून ती जरा वेळ विचारात पडली आणि मग तिने मला एकच प्रश्न केला. सोम्याने तो हसत हसत मराठीत सांगितला.

"आजी विचारते, नाव बदललं तर मग हा कोणत्या वारचा होणार?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तिने बोटांवर मोजून सारे कुटुंब माझ्यापुढे उभे केले. हा सोमवारी आला, म्हणून सोम्या. त्याच्या पाठची मंगळवारची, म्हणून मंगळी. चुलत्याचा धाकटा बुधवारचा, तो बुध्या. ज्या वारी मूल घरात आले, त्या वाराचे त्याला नाव. त्या 'या' मध्ये तुच्छता नाही, की लाडही नाही. ते नावच तसे आहे, पुरे, साधे आणि जन्मभराचे. आपला कान तिथे गोठ्यातला राम्या ऐकतो, हा दोष कानाचा.

"आणि तुमचा वार कोणता, गुरुजी?" आजीने विचारले.

मी माझी जन्मतारीख सांगितली. सोम्याने मान हलवली. तारीख नको, वार. मला माझी रास ठाऊक होती, नक्षत्र ठाऊक होते. वार मात्र सांगता येईना. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला आपला वार ठाऊक नसावा, याचे त्या म्हातारीला इतके नवल वाटले, की तिने ते शेजारच्या घरी ओरडून सांगितले. तिकडूनही हसण्याचा आवाज आला. वर्गातल्या त्या हशाची फेड झाली म्हणायची!

निघताना सोम्या रस्त्यापर्यंत आला. चालता चालता मी सहज विचारले, "तुझी जन्मतारीख काय रे?"

"कागदावर १ जून २००४ आहे, सर."

हजेरीपत्रकावर, प्रवेशाच्या अर्जांवर मी ही १ जून शेकड्यांनी पाहिली होती. खेड्यापाड्यांतल्या शाळांत नाव घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातल्या एका पिढीचे कितीतरी लोक असे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत. एस. टी. त बसल्यावर मी मोबाइलवर २००४ सालची दिनदर्शिका काढून पाहिली. त्या वर्षीचा १ जून मंगळवारी होता.

मी तो मोबाइल बराच वेळ हातात धरून बसलो. कागद म्हणत होता मंगळवार, नाव म्हणत होते सोमवार. त्याच्या जन्माविषयी कागदावर जे जे होते, ते सारे कोणीतरी सोयीसाठी लिहिलेले होते. खरी अशी नोंद एकच उरली होती, आणि ती त्याच्या नावात होती. त्याची आई अंगणात ज्या दिवशी कण्हली, तो दिवस त्या दोन अक्षरांत जपून ठेवलेला होता. आणि मी, भाषेचा अध्यापक, ती नोंद पुसून तिच्या जागी एक शोभिवंत विशेषण लिहायला निघालो होतो, वर कागद करून देण्याची तयारी दाखवून!

फजिती एवढ्यावरच थांबली असती तर बरे. पण आजीचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. सौम्य झाला, तर कोणत्या वारचा होणार? रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकाएकी गणपतीच्या पूजेला येणाऱ्या आमच्या गुरुजींचा आवाज ऐकू आला. संकल्पात वाराचा उच्चार करावा लागतो. रविवार असला की ते भानुवासरे म्हणतात, सोमवारी इंदुवासरे, मंगळवारी भौमवासरे. आणि बुधवारी? मी ताडकन उठून बसलो. बुधवारी म्हणतात, सौम्यवासरे!

सोम म्हणजे चंद्र. सोमाचा मुलगा तो सौम्य, म्हणजे बुध. (पुराणांतली बुधाच्या जन्माची कथा बारशात सांगण्याजोगी नाही, म्हणून इथे सोडून देतो.) तेव्हा आजीच्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात लिहून ठेवलेले होते. सौम्य हा बुधवारचा. पाड्याच्या भाषेत त्याचे सरळ भाषांतर, बुध्या. पुण्यामुंबईच्या मातापित्यांना मी जर सांगितले, की तुम्ही हौसेने मुलाचे नाव बुध्या ठेवले आहे, तर ते मला दारात उभे करणार नाहीत. बुध म्हणजे शहाणा, पण बुध्या म्हटले की आपल्या कानाला बुद्दू ऐकू येतो. इथेही दोष कानाचाच.

मग मी दिवा लावला आणि छांदोग्य उपनिषद काढले. फार वर्षांपूर्वी एम. ए. च्या काळात वाचले होते. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, आत्मज्ञान सांगतो, तेव्हा प्रेमाने त्याला पुन्हा पुन्हा एका शब्दाने हाक मारतो. तो शब्द माझ्या स्मरणात 'सौम्य' असा होता. पुस्तकात पाहिले तर तो होता 'सोम्य'. वरची मात्रा माझ्या सुशिक्षित स्मरणाने परस्पर चढवली होती. सोमाला योग्य तो सोम्य. भाष्यकार त्याचा अर्थ करतात, प्रियदर्शन, पाहताच आवडावा असा.

त्याच उपनिषदात सत्यकामाची गोष्ट आहे. त्याला गुरूकडे जायचे होते आणि गुरू कुळ विचारणार होते. आईला विचारले, तर ती म्हणाली, मी अनेकांच्या घरी कामे केली, तुझा पिता कोण ते मला सांगता येत नाही. तू जबालेचा, म्हणून सत्यकाम जाबाल असे सांग. मुलाने गुरूपुढे जाऊन हे जसेच्या तसे सांगितले. एवढे खरे बोलणारा मुलगा शिष्य व्हायला योग्य आहे, असे म्हणून गुरूने त्याला समिधा आणायला सांगितल्या. आणि सांगताना त्याला हाक कोणती मारली? सोम्य!

गुरूच्या तोंडी शिष्यासाठी आलेला तो शब्द आणि वर्गात माझ्या तोंडून निघालेला तो शब्द. मी दिवा मालवला, पण झोप आली नाही.

नावाने माणसाचे काही अडत नाही, हे सांगायला मोठमोठे दाखले आहेत. आपल्याकडे मुले जगत नसली की दैवाची नजर चुकवायला दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवीत. त्यांपैकी एक धोंडो केशव कर्वे, आणि त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. पुण्याच्या सर्वांत श्रीमंत गणपतीला आपण दगडूशेठच्या नावाने ओळखतो आणि त्या दगडाला कोणी हसत नाही. आमच्याच जिल्ह्यातले, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना त्यांनी जगभर नेले. त्या नावात शेवटी 'या' आहे आणि मधोमध सोमही आहे. पण हे दाखले दिले, तरी एक गोष्ट उरते. माणूस मोठा झाल्यावर आपण त्याच्या नावाला हसायचे थांबतो. मोठा होण्यापूर्वी, खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असताना, त्याने ते हसे सोसायचे ते सोसायचेच. भारतरत्न झाल्याशिवाय माणसाला नीट हाक मारायची नाही, हा कुठला न्याय?

सोम्या बुधवारी वर्गात आला. मी हजेरी घेतली आणि त्याच्या नावापाशी थांबलो. मग फळ्यावर तीन शब्द लिहिले : सोम्या, सोम्य, सौम्य. वाराची गोष्ट सांगितली, सत्यकामाची सांगितली. शेवटी म्हणालो, "गेल्या पंधरवड्यात मी या वर्गात एक शब्द वापरला. तो वापरायला नको होता. मी चुकलो." वाटेत जुळवलेल्या साऱ्या वाक्यांपेक्षा हे लहान होते. कोणी हसले नाही. मागच्या बाकावरच्या एका बुध्याने मात्र हात वर करून विचारले, "सर, मग मी सौम्य का?"

"शंभर टक्के!" मी म्हणालो. तेव्हा मात्र वर्ग हसला. सोम्याही हसला.

तो पदवीधर झाला आहे आणि आता शिक्षक व्हायचे म्हणतो. सगळ्या अर्जांवर नाव सोम्याच आहे.

तर परवा मी पुण्याला बारशाला गेलो. पाळणा फुलांनी मढवला होता. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत हलकेच बुक्के मारले, पेढे वाटले गेले. मी बाळाला मांडीवर घेतले आणि विचारले, "हा कोणत्या वारचा?"

घरात शांतता पसरली. बाळाची जन्मवेळ सेकंदापर्यंत ठाऊक होती. वजन ग्रॅमपर्यंत ठाऊक होते. रास, नक्षत्र, चरण, सारे तोंडपाठ. वार कोणाला आठवेना. शेवटी बाळाच्या बापाने मोबाइलवर पाहून सांगितले, "गुरुवार."

म्हणजे तो सोम्याही नव्हता आणि बुध्याही नव्हता. मी फक्त 'वा' म्हणालो आणि बाळाला आईकडे दिले. बारशात तेवढेच बोलायचे असते. पण तो पाच-सहा वर्षांचा झाला, आणि एखाद्या दिवशी शाळेतून येऊन 'कोणीही सोम्यागोम्या' असे काही बोलू लागला, तर त्याला जवळ बसवून ही सारी गोष्ट सांगायची, असे मी ठरवून ठेवले आहे.

घरी आल्यावर बायकोने विचारले, "आणि तुमचा वार पाहिलात का त्यानंतर?" पाहिला होता. शनिवार. मोखाड्याच्या आजीला तो कळवायचा राहिला आहे. या दिवाळीत, पाड्यावरची माणसे भट्टीवर निघण्यापूर्वी, जाऊन सांगणार आहे.